चणे शिजेपर्यंत

"संत अँथनी," लॉईड म्हणाला.

"आमच्यासाठी विनंती कर," मागची गर्दी म्हणाली.

समोरच्या घराच्या खिडकीत ब्रिजेटने एक चणा दाताखाली धरला, चावला, गाल दाबला आणि अंगठा खाली केला.

"संत सेबेस्टियन," लॉईड म्हणाला.

मरोळच्या गावठाणातल्या क्रूसाचा सण होता. क्रूसाला झेंडूचे हार, खाली मेणबत्त्या, आधी रोझरी, मग लितानी, आणि शेवटी प्रत्येकाच्या ओंजळीत उकडलेले चणे, वर खोबऱ्याचे काप. लितानी सोपी असते. पुढच्याने संताचं नाव घ्यायचं, मागच्यांनी विनंती करायची. ती संपली की चणे लागतात. तिथे सबब चालत नाही.

इतकी वर्षं हे सगळं ॲग्नेस आंटी बघायच्या. यंदा लॉईडने मागून घेतलं होतं. तो यूथ ग्रुपचा प्रेसिडेंट. रविवारी देवळात मिस्साची प्रार्थना झाल्यावर माइक धरून म्हणाला होता, "तरुणांनी चारित्र्यातून आणि श्रद्धेतून आदर्श घालून द्यायचा असतो." त्यासाठी पिवळे टी-शर्टही छापून घेतले. पाठीवर लिहिलं होतं, ‘आमच्याकडे बघा’.

आज सकाळी आंटींनी बघितलं. म्हणाल्या, "टी-शर्ट झकास आहे रे. पण काही चुकलं ना, तर पुढल्या साली क्रूसाच्या आसपास पण दिसायचं नाही. चणे रात्री भिजवलेस?"

"हो आंटी."

चणे तेव्हा पिशवीत होते. रात्री लॉईड टी-शर्टचं रील बनवत बसला होता.

आता ब्रिजेटच्या स्वयंपाकघरात गल्लीतले सगळे कुकर शिट्ट्या मारत होते. खायचा सोडा घालून झाला होता. चणे ऐकत नव्हते. गर्दीतले रोनाल्ड अंकल तेवढे प्रत्येक शिट्टीला छातीवर क्रूसाची खूण करत होते. कानातलं मशीन बिघडल्यापासून कुठलाही मोठा आवाज त्यांना देवळातलाच वाटायचा.

प्रार्थनेच्या पुस्तकातले संत केव्हाच संपले होते. लॉईडने ट्रॅफिकमध्ये शाळेच्या बसेसवर वाचलेले संत काढले. मग दवाखान्यांवरचे. मग एका बेकरीवरचा. अंगठा खालीच. मग तो घरच्यांवर आला.

"संत पास्कल."

पास्कल म्हणजे त्याचे आजोबा. त्यांनी एका नाताळात ॲग्नेस आंटींचा कोंबडा पळवून रस्सा केला होता, आणि वर त्याच रश्शाची वाटी आंटींकडे पाठवली होती. आंटींनी एक डोळा उघडला. पण तोंडाची सवय डोळ्यापेक्षा जुनी.

"आमच्यासाठी विनंती कर," आंटी म्हणाल्या, आणि मग दातओठ खाल्ले.

घरचे संपल्यावर शाळेच्या मराठीच्या पुस्तकातले संत आले. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातले शिवदास ओळखीची नावं ऐकून चपला काढून गर्दीत येऊन बसले. "तुमच्यात पण हे असतात होय," ते बाजूच्या बाईला म्हणाले. बाई म्हणाली, "आजच कळलं."

लोकांच्या गुडघ्यांची वाट लागली होती. पण उठणार कोण? पुढचं पोरगं एवढं भक्तीने म्हणतंय, आणि आपण आधी उठलो तर गावठाणभर चर्चा होणार. मागे एका आईने मुलाच्या हातातला मोबाइल काढून घेतला. "लॉईडला बघ जरा. त्याच्याकडून शीक काहीतरी."

एवढ्यात खिडकीत ब्रिजेटने चणा चिमटीत धरला. चणा चेपला. ब्रिजेटने दोन्ही अंगठे वर केले आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

लॉईड सुटला. आता फक्त आमेन म्हणायचं बाकी होतं. तो म्हणणार, तोच ॲग्नेस आंटी गुडघ्यांवर सरकत पुढे आल्या. लुगड्याच्या पदराने डोळे पुसत होत्या.

"लॉईड, माझं चुकलं रे," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, ह्या पोरांचं सगळं टी-शर्टवरच. एवढी लांब लितानी माझ्या बापाने पण कधी म्हटली नाही. पुढल्या सालापासून क्रूस तुझाच. चल, संपव आता, बाळा."

त्या मागे सरकल्या, हात जोडले, डोळे मिटले.

चणे मऊ झाले होते. क्रूस मिळाला होता. कोणाला कधी कळणार नव्हतं. लॉईडने आमेन म्हणायला तोंड उघडलं. मागे सगळं गावठाण बसलं होतं, आणि आपल्या पाठीवर काय लिहिलंय ते त्याला आठवलं.

त्याने डोळे मिटले. संध्याकाळभर आवाजाला जो सूर चिकटला होता, तोच लागला.

"मी आंटींशी खोटं बोललो, चणे भिजवलेच नव्हते," लॉईड म्हणाला.

"आमच्यासाठी विनंती कर," सगळं गावठाण म्हणालं. सगळ्यात मोठ्याने ॲग्नेस आंटी.