तिसरा प्लग

कोंडीराम मिस्त्रीने कालच साफ करून बसवलेले प्लग, आणि आज तो जुना टेम्पो मिसिंग करत, धक्के खात चिंचपोकळीच्या गॅरेजात परत आला. आठ दिवसांच्या तापानंतरचं त्याचं हे पहिलंच काम. चालू इंजिनाची एकेक प्लगवायर तो काढून बघू लागला. पहिल्या दोन काढल्यावर इंजिन अडखळलं. तिसरी काढली तरी होतं तसंच चालत राहिलं.

“हाच मेलाय. असला काय, नसला काय, इंजिनाला फरक नाही,” म्हणत त्याने तो प्लग फेकला, नवा बसवला.

इंजिन सुरळीत झालं. हात पुसत त्याने गॅरेजच्या तरुण मालकाला विचारलं, “अभयशेठ, मी नव्हतो तेव्हा फार अडलं असेल ना?”

“छे हो काका, कशाचंच अडलं नाही. तुम्ही टेन्शन नका घेऊ.”

कोंडीराम खाली वाकला आणि फेकलेला प्लग उचलून पुसत राहिला.