एक डबी, दहा कामं

दुसरा ठोसा तोंडावर बसला तसा जावई तंबूच्या दोऱ्यांत अडकून उताणा पडला. वाटाड्या त्याच्या छातीवर बसला आणि तिसरा ठोसा त्याने सावकाश, नीट नेम धरून मारला.

"माझ्या बहिणीवर पुन्हा हात टाकशील?"

"नाही, दादा. आईशप्पथ नाही."

एवढ्यासाठीच तर त्याने बहिणीच्या नवऱ्याला 'चला जावईबापू, डोंगराची हवा खाऊ' म्हणत गोडीगुलाबीने वर आणलं होतं. सकाळभर चालवून दमवलं, चहा पाजला आणि मग धुतलं. लोकांना डोंगर दाखवणं हा वाटाड्याचा धंदाच होता. माणूस कुठे ओरडला तर कुणी ओ देत नाही, हे त्याला पाठ होतं.

राग निवला तशी त्याला काळजी लागली. हे ध्यान खाली न्यायचं तर जरा माणसात आणायला हवं. त्याने खिशातून लिपबामची चपटी डबी काढली. डोंगरावर येणाऱ्या प्रत्येक टोळक्यासमोर तो हिचं कीर्तन लावायचा: एक डबी, दहा कामं! फाटलेल्या भुवईवर त्याने बामचा जाड थर दिला, रक्त थांबलं. फुटलेल्या ओठाला लावला. जावयाच्या टाचेला फोड आला होता, तिथेही चोळला. झटापटीत तंबूची चेन अडकून बसली होती. तिच्या दातांवरून बामचं बोट फिरवलं, चेन सुरसुरत सरकली. कापसाच्या बोळ्याला बाम चोपडून काडी लावली, तर दमट लाकडांनीही मुकाट पेट घेतला. वाटाड्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं. बहिणीचं दुखणंही आपण असंच एका झटक्यात निस्तरलं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"आता तिला फोन लाव. स्पीकरवर. माझ्यासमोर माफी माग."

जावयाने फोन लावला. "चुकलो मी. पुन्हा हात उचलणार नाही," तो सुजलेल्या तोंडाने बोबडं बोलला.

पलीकडून बहिणीचा आवाज आला. "दादा, तू मारलंस त्याला?"

"चांगला बडवलाय. घाबरू नकोस, मलमपट्टीही केलीय."

"स्पीकर बंद कर. त्याच्यापासून लांब जा."

तो फोन घेऊन झाडाआड गेला.

"खाली उतरून तू तुझ्या घरी जाशील," ती म्हणाली. "आणि तो इथे येईल. तुझा एकेक ठोसा तो माझ्याकडून वसूल करेल. एवढंही डोक्यात आलं नाही तुझ्या?"

"अगं, तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी? घरी येऊ का म्हणून विचारलं, तेव्हा म्हणालास, सांभाळून घे, लोक काय म्हणतील. मला मारामारी नको होती, दादा. एक खोली हवी होती."

"मग आता ये. आजच ये."

"तुझ्या घराचा पत्ता त्याला माहीत आहे. उद्यापर्यंत त्याला वरच अडकवून ठेव. एवढं तरी कर."

"आणि तू? तू कुठे जाणार?"

"ते तुलाही सांगणार नाही."

फोन बंद झाला. वाटाड्याला रडू फुटलं. बाहीने डोळे पुसून तो माघारी आला.

जावई शेकोटीपाशी बसून एक बूट चढवत होता. "काय म्हणाली?" त्याने विचारलं. ओठ दुखत असतानाही तो किंचित हसला. "निघू या ना, दादा. घरी ती वाट बघत असेल."

वाटाड्याने खाली पडलेला दुसरा बूट उचलला. तो त्याला जावयाच्या थोबाडावरच हाणायचा होता. हात वर गेलाही. मग तो वळला, बूट त्याने जीव खाऊन दरीत भिरकावला आणि खाली आपटल्याचा आवाज येईपर्यंत कान देऊन उभा राहिला.