धाकट्या भावाचं पुस्तक

"वयानुसार पुस्तक दिलं, तरच वाचनसंस्कृती टिकेल," असं मी वाचनालयाच्या सभेत ठणकावून सांगितलं. सभेला आम्ही चौघे होतो. उरलेल्या तिघांनी बालविभाग एकमताने माझ्या गळ्यात घातला.

पहिल्याच शनिवारी सातवीतल्या मालविकाने जोडाक्षरं नसलेलं, पाच वर्षांच्या मुलांचं पुस्तक उचललं. ते काढून घेऊन मी तिला जाडजूड साहसकथा दिली. रविवारी ती कथा परत आली. मी आणखी जाड दिली. सोमवारी तीही परत. एवढ्या झपाट्याने वाचणाऱ्या पोरीला आता कादंबरी द्यावी की पंचांग, मला कळेना.

"आजोबा, मी एकही वाचलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "जोडाक्षरं अडतात मला. ते छोटं पुस्तक मी अख्खं वाचेन. पण तुमची नोंदवही वर्गातल्या मुली चाळतात. माझ्या नावापुढे ते दिसलं तर हसतील. धाकट्या भावाच्या नावावर लिहा ना."

धाकटा भाऊ असेल तर नियम मोडत नव्हता. मी पेन उघडलं. "भावाचं नाव सांग."

"भाऊ नाहीये मला," ती म्हणाली. "तुम्हीच एखादं सुचवा."