फ्लेक्समागचा चेहरा

"आधी त्याचं थोबाड फाडा," असं म्हणत कॉलेजचं कँटीन चालवणारे दौलततात्या कांदा चिरायची सुरी घेऊन स्वतःच शिडीवर चढले. गेटवरच्या फ्लेक्सवर 'आपल्या वाघाचे हार्दिक स्वागत' अशी अक्षरं होती, आणि वाघ सकाळीच पुण्याच्या कॉलेजकडून कबड्डी खेळायला निघून गेला होता. महिन्यापूर्वी याच गेटवर त्याने फेटा बांधून घेतला होता, नारळ घेतला होता, याच कॉलेजकडून खेळायचा शब्द दिला होता.

खाली गर्दीला चेव आला होता. कुणी त्याच्या आईबापाचा उद्धार करत होतं, कुणी "गावात पाय तर ठेवू दे, तंगडंच मोडतो" म्हणत होतं. तात्यांनी त्याला महिनाभर स्वतःच्या हाताने उकडलेली अंडी चारली होती. त्यांनी फ्लेक्स कपाळापासून हनुवटीपर्यंत फाडला.

फाटलेल्या चेहऱ्यामागून दुसराच चेहरा बाहेर आला. नवा फ्लेक्स लावताना गेल्या वर्षीचा काढायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. अक्षरं तीच होती, आणि कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून तात्यांचा फोटोही तोच.

"हा कोण ओ, तात्या?"

तात्यांची सुरी थबकली. हा पोरगा शब्द पाळून आला होता. दुसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि तो लंगडत, एकटाच एसटीत बसून गावी गेला. तात्यांनी नाव आठवून पाहिलं. आठवेना.

"असंल कुणीतरी," ते म्हणाले आणि सुरी पुन्हा चालवली. "फ्रेम मोकळी करा. सोमवारी नवा येतोय."