एक थाप म्हणजे थांब

फिटर ट्रकच्या मागच्या फळीवर तळहाताने दोन-दोन थापा मारत होता आणि दातओठ खात होता. दोन थापा म्हणजे ये, एक थाप म्हणजे थांब. मागे उभं राहणाऱ्याचं काम एवढंच. पण ट्रक मागे घेत होता कोण, तर ज्याने त्याच्या पोटावर पाय दिला होता, तो साहेब.

कारखान्यातून काढताना हाच साहेब त्याला म्हणाला होता, "मंदी आहे रे, मनाला लावून घेऊ नकोस." पुढे मंदीने साहेबालाही घरी बसवलं. आता दोघंही अवजड गाडीचं लायसन काढून एकाच गाडीमालकाच्या आवारात आले होते, आणि जागा होती एक. मालकाने सरळ सांगून टाकलं होतं. गोदामाच्या त्या दोन खांबांमधून गाडी मागे घ्यायची आणि भिंतीजवळ लावायची. एकाने चालवायची, दुसऱ्याने मागे उभं राहायचं. ज्याची जास्त नीट बसेल त्याला नोकरी. म्हणजे ज्याला हरवायचं, त्यालाच मदत करायची. वा रे न्याय.

फिटरला ट्रकची हौस नव्हती. जन्म गेला होता यंत्रं जुळवण्यात. पण आसपास एकही कारखाना माणसं घेत नव्हता, आणि घर बायकोच्या शिवणकामावर चाललं होतं. हल्ली ती तक्रारसुद्धा करत नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागत होतं.

ट्रक डुलत डुलत मागे येत होता. भिंत जवळ आली. फिटरच्या मनात आलं, आपण काहीच करायचं नाही. आणखी दोन थापा मारायच्या आणि बाजूला व्हायचं. कोणी विचारलं तर म्हणायचं, मीही नवाच आहे, अंदाज चुकला.

"ओ चष्मेवाले," मालक ओरडला, "आरशात बघा की जरा. मागे भिंत आहे."

"मागे ते आहेत ना," केबिनमधून साहेबाचा आवाज आला. "ते सांगतील."

फिटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात वर गेला आणि फळीवर पडला. एकदाच. का पडला कोण जाणे. मेल्या हाताला चुकीचं काम करायची सवयच नव्हती. ट्रक भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबला.

"बसली," मालक म्हणाला. "थोडी तिरकी आहे, पण बसली. आता पुढे आणून ठेवा."

साहेबाने गाडी पुढे आणली आणि चष्मा पुसत खाली उतरला. "तुमच्यामुळे जमलं हो," तो फिटरला म्हणाला. कारखान्यात या तोंडातून फिटरसाठी कधी 'तुम्ही' निघालं नव्हतं.

"एवढा भरवसा होता माझ्यावर," फिटर म्हणाला, "तर मग मलाच का काढलंत?"

साहेबाने मालकाकडे पाहिलं. तो लांब होता. "वरून एक नाव मागितलं होतं," साहेब हळू आवाजात म्हणाला. "दुसऱ्या कोणाचं दिलं असतं, तर त्याने गेटवर तमाशा केला असता. तुम्ही ओरडणार नाही, हे मला माहीत होतं."

वर हे असं म्हणाला, जणू शाबासकीच देतोय.

साहेब काम वाईट होतं म्हणाला असता, वय झालं म्हणाला असता, तरी फिटरने ते गिळलं असतं. इतके महिने तो मनातल्या मनात जुनी कामं काढून बघत होता. कुठे माप चुकलं, कुठे नट ढिला राहिला, कोणाला उलट बोललो. कशात काही नव्हतं. गरीब गाय दिसली म्हणून कसायाकडे धाडली होती, एवढीच गोष्ट.

"चल रे फिटर, तुझी पाळी," मालक म्हणाला.

फिटर केबिनमध्ये चढला. आरशात साहेब दिसला. मागे जाऊन उभा राहिला होता, ताठ, हात वर करून. दोन थापा पडल्या. "येऊ द्या, येऊ द्या."

फिटरने गिअर टाकला, एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा हॉर्नवर ठेवून दाबला.

आवाज असा उठला की गोदामातले हमाल पोती टाकून बाहेर आले. ट्रक मागे सरकू लागला. साहेब थापा मारत होता, त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, पण त्यातलं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. शेवटी तो अंग चोरून बाजूला झाला. फिटरने उजवा खांब बघितला, डावा खांब बघितला, मागची भिंत बघितली आणि गाडी थांबवली.

मालक कानात बोटं घालून धावत आला आणि पायरीवर चढला. "सरळ बसली तुझी," तो फिटरच्या कानाशी ओरडला. "सोमवारपासून ये कामावर. आणि हा हॉर्न अडकला की काय?"

"नाही," फिटर म्हणाला, आणि हात तसाच दाबून धरला.