चकव्यातून सुटायचा नियम

“हडळीचे पाय उलटे. म्हणजे तिचा माग काढायचा तर पावलांच्या उलट दिशेला जायचं,” सुतार म्हणाला. “हे पक्कं. आता चकवा.”

टेबलावर त्यानेच रंगवलेला नकाशा होता. जुन्या गोष्टींतली भुतं तो लाकडात कोरायचा, त्यांचे नियम मुलगी बसवायची. प्रत्येक खेळाडूची सोंगटीही त्याच्याच हातची, तळाशी काहीतरी बारीक कोरलेली.

सगळं जमलं होतं, अडलं होतं चकव्यापाशी. चकवा लागला की खेळाडू गोल गोल फिरत राहतो. उपाय जुनाच होता. चालायचं नाही, आहे तिथे बसायचं, हाक येईपर्यंत उठायचं नाही. डावाच्या सुरुवातीला तो एकदा सांगायचा. वेळ आली की खेळाडूने आपणहून म्हणायचं, “मी बसतो.”

“भुतं रानात असतात हो,” खालच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला. “तुमचा चकवा बस-स्टॉपवर काय करतोय?”

“रान उरलंय कुठे? त्यालाही पोट आहे.”

कंपाउंडरला नियम पहिल्याच डावात कळला होता. मास्तरीणबाईंना मात्र काही केल्या जमत नव्हता. शाळा सुटून वर्षं झाली तरी सगळे त्यांना मास्तरीणबाईच म्हणत. त्यांची सोंगटी छत्रीवाली होती.

“मी तलवार काढते,” त्या म्हणाल्या.

“चकव्यावर?”

“मग चालत राहते. घर काय पळून जातंय?”

“बसून बघा की, मास्तरीणबाई,” सुतार हळूच म्हणाला.

“बसू? जन्मभर पोरांना बाकावर उभं केलं मी. मला बसवणारे तुम्ही कोण?”

कंपाउंडर खो खो हसला. सुतारही हसला, पण जरा उशिरा.

मुलीने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. “बाबा, सोडा आता हा हट्ट. सोमवारी त्या लोकांना उत्तर द्यायचंय.”

“एकदा त्यांच्या हाती दिलं की आपल्या हातात काय उरतं?”

“माणसं चांगली आहेत. आपल्यापेक्षा नीट करतील.”

“रविवारी आणखी एक डाव. मास्तरीणबाईंना जमलं, तर आपलं आपण बघू. नाही जमलं, तर तू म्हणशील तसं.”

रविवारी चकवा आला. मास्तरीणबाईंनी तलवार काढली.

सुताराने फासे डब्यात टाकले. कंपाउंडर निघाला, त्याच्यामागे दार नुसतंच लोटलेलं राहिलं. मुलगी कपबशा विसळायला गेली, सुतार नकाशा गुंडाळून माळ्यावर ठेवायला. परत येऊन सोंगट्या मोजल्या, तर छत्रीवाली सापडेना. त्याने टेबलाखाली पाहिलं. मग रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि धावत जिना उतरला.

कोपऱ्यापर्यंत पोचतो तोच फोन वाजला.

“बस-स्टॉपवरून फळवाला बोलतोय. इथे एक बाई बसल्यात. रिक्षा करून देतो म्हटलं तर मलाच दटावलं. म्हणतात, चकवा लागलाय, हाक येईपर्यंत उठायचं नसतं. हातात लाकडी बाहुली आहे, तिच्या तळाशी तुमचा नंबर.”

सुताराला हसू आवरेना, आणि डोळेही. मागून मुलगी अनवाणीच धावत आली.

“तू घरी जा, चहा टाक,” तो तिला म्हणाला. “मी हाक मारून येतो. आणि उद्या त्या वृद्धाश्रमाला नाही म्हणून कळव. तुझी आई घरीच राहील.”