शॉट चौदामधला खोकला

“शॉट चौदामधला खोकला पुसू नका,” समोर बसलेल्या अनोळखी आजी म्हणाल्या. “मला तो एकदा ऐकायचाय.”

झाडूताईने मान डोलावली. जुन्या चित्रपटांच्या आवाजातली खरखर ती झाडून काढायची, म्हणून स्टुडिओत तिचं हे नाव पडलं होतं. सध्या सात जुन्या विज्ञानपटांचा संच घरी पाहण्यासाठी नव्याने निघत होता. शॉट चौदा त्यातल्या सर्वांत पडेल चित्रपटातला. अंतराळवीर परग्रहावर पहिलं पाऊल टाकतो, सगळीकडे चिडीचूप, आणि तेवढ्यात कुणीतरी खोकतं. उतरला नाही तोच सर्दी झाली, म्हणून थिएटरात हशा पिकला होता म्हणे. आठवड्यात चित्रपट उतरला, तो पुन्हा कुठेच लागला नाही.

“माझे यजमान त्याचे ध्वनिमुद्रक,” आजी म्हणाल्या. “त्या खोकल्यापायी काम गेलं. नंतर कुणी दारात उभं केलं नाही. घड्याळं दुरुस्त करत जन्म काढला, पण घरात त्याबद्दल चकार शब्द नाही. मागल्या वर्षी गेले.”

“तुम्ही चित्रपट पाहिलाच नाही?”

“धीर झाला नाही. शुक्रवारी येऊ?”

“या. ठेवते मी तो,” झाडूताईने शब्द दिला.

आजी गेल्यावर तिने चित्रपटाची जुनी फाइल काढली. आत पिवळी चिठ्ठी होती: ‘शॉट १४. खोकला ध्वनिमुद्रकाचा. स्वतः कबूल.’ कुंपणानेच शेत खाल्लं होतं तर. तिला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाज वाटली.

मग तिने संगणकावर उतरवून घेतलेला शॉट चौदा लावला. पाऊल पडलं. पुढे नुसती शांतता.

तिने मागे नेऊन पुन्हा लावला; खोकला नव्हताच. आवाजाचं ते रीळ इतकं जीर्ण होतं की ते एकदाच वाजणार होतं. वाजता वाजताच त्याचा थर गळून गेला होता. अशा वेळी आवाज आधी जसाच्या तसा उतरवायचा आणि सफाई मागाहून करायची. सोमवारी घाईत तिने उतरवतानाच सफाई चालू ठेवली होती. खोकला कचऱ्यात जमा झाला होता. दुसरी प्रत जगात नव्हती.

आजींना खरं सांगायचं तिने दोनदा ठरवलं. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. एका म्हातारीला नवऱ्याचा एवढाच आवाज उरला होता, आणि तोही तिने पुसला होता. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

गुरुवारी तिने फाटकावरच्या पहारेकऱ्याला माइकसमोर बसवलं. दिवसभर खोकून स्टुडिओ डोक्यावर घेणारा तो गडी तिथे ठणठणीत झाला.

“ताई, मागितला की येत नाही हो तो.”

अर्ध्या तासाने आला. खोल, घोगरा, अगदी खरा. तिने त्याच्यावर जुनी खरखर चढवली आणि पावलामागे बसवला.

शुक्रवारी आजी हेडफोन लावून बसल्या. शॉट संपला तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता.

“पुन्हा लाव.”

तिने लावला. आजींनी तिसऱ्यांदाही लावायला सांगितला. मग त्यांनी हेडफोन काढले.

“हा पुरुषाचा खोकला आहे ना गं?”

“हो,” झाडूताई म्हणाली. निदान हे तरी खोटं नव्हतं.

आजींना हुंदका फुटला. झाडूताईने त्यांचा हात धरला.

“त्यांचा चष्मा घरी राहिला होता. तो द्यायला मी स्टुडिओत गेले आणि हाच शॉट चालू असताना दाराशी मला ठसका लागला,” आजी म्हणाल्या. “पन्नास वर्षं वाटत होतं, माझा दोष त्यांनी अंगावर घेतला. हा खोकला त्यांचाच होता तर! सुटले गं पोरी मी.”